घुमणारे मॉनिटर आणि करिंथचं पितळ

आजचे वाचन : १ करिंथ १४:६–१२. जोडीला गणना १०:१–१० वाचा, खाली संदर्भ येईल.



गेले चार दिवस मनन पाठवता आलं नाही. इस्टरसाठी गावी गेलो होतो, बुलढाणा जिल्ह्यात. नेटवर्क होतं, वेळही होता, पण मन थाऱ्यावर नव्हतं. का ते आज सांगतो. आजचं मनन नेहमीपेक्षा लांब आहे आणि त्यात वायरी, प्लग, अर्थिंग असं बरंच काही आहे. तुमच्यापैकी जे पुण्या-मुंबईत वर्शिप टीममध्ये आहेत त्यांनी तर हे जरूर शेवटपर्यंत वाचा.

आमची मंडळी लहान आहे. वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालं, अकोला हे त्यांचं केंद्र. त्या काळापासूनची काही कुटुंबं आणि नंतर आलेले आम्ही, असा मेळ आहे. उपासना संगीतातली टिळकांची गीतं हार्मोनियम-ढोलकीवर, आणि तरुणांची गाणी गिटार-कीबोर्डवर. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांनी कीर्तनं केली ती बिनमाईकची. आम्हाला मात्र माईकशिवाय चालत नाही.

तर यंदा मंडळीने दोन स्टेज मॉनिटर घेतले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : स्टेजवर जमिनीवर तिरके ठेवलेले, गाणाऱ्यांकडे तोंड करून असलेले स्पीकर म्हणजे मॉनिटर. ते लोकांसाठी नसतात, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज आणि सूर ऐकू यावा म्हणून असतात. पैसे कसे जमले ते मला माहीत आहे. सोयाबीनला भाव नव्हता तरी दान आलं. एका आजीने दोन कोंबड्या विकून पैसे दिले. म्हणून जेव्हा शनिवारी संध्याकाळी, इस्टरच्या आदल्या दिवशी, मी ते मॉनिटर जोडले आणि त्यातून नुसतं "घूंऽऽऽ" सुरू झालं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

"काय भाऊ, हे काहून घुमून राह्यलं?" मागच्या बाकावरून एक काका म्हणाले. "नवं हाये ना?"

नवंच होतं. चांगलं होतं. आणि सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी "पुण्यातला इंजिनिअर".

आता थोडा वचनाकडे येतो, मग परत त्या संध्याकाळकडे जाऊ.

पौलाने करिंथच्या मंडळीला हे पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ च्या दरम्यान इफिसहून लिहिलं. १४ व्या अध्यायात विषय आहे भाषांच्या दानाचा, पण उदाहरणं सगळी वाद्यांची आहेत. पावा आणि वीणा यांच्या सुरांत फरकच कळला नाही तर काय वाजवलं जातंय हे ऐकणाऱ्याला कसं समजणार, असं तो विचारतो. फरक या अर्थी मूळ ग्रीक शब्द आहे 'दियास्तोली', म्हणजे दोन गोष्टींमधलं स्पष्ट अंतर. पुढच्याच वचनात रणशिंगाच्या नादाबद्दल 'आदेलोस' हा शब्द येतो : जो उघड नाही, ज्याचा अर्थ लागत नाही असा. रणशिंगातून आवाज निघतोय, मोठाही आहे, पण शिपायाला कळतच नाही की उठायचं की थांबायचं.

इथेच गणना १० वाचा. चांदीचे दोन कर्णे, घडवलेले. दोन्ही वाजले तर सगळ्या मंडळीने जमायचं, एकच वाजला तर फक्त सरदारांनी. तळ हलवायचा तर वेगळा नाद. एवढ्या मोठ्या लोकसमुदायाचा सगळा कारभार नादातल्या फरकावर चालायचा. फरक पुसला गेला असता तर रानात नुसता गोंधळ.

आणि करिंथ हे पितळ-कांस्याचं शहर. तिथलं कांस्य सगळ्या रोमी जगात नावाजलेलं होतं. वित्रूवियस नावाचा रोमी वास्तुरचनाकार लिहितो की नाट्यगृहांत आवाज भरदार व्हावा म्हणून बाकांच्या खाली कांस्याची पात्रं ठेवायचे. लुसियस मुम्मियसने करिंथचं नाट्यगृह उद्ध्वस्त केल्यावर तिथली अशी पात्रं रोमला नेली. हे झालं इ.स.पूर्व १४६ मध्ये, म्हणजे पौलाच्या दोनशे वर्षं आधी. १३ व्या अध्यायाच्या सुरुवातीला प्रीतीशिवायच्या बोलण्याला पौल वाजणाऱ्या पितळेची उपमा देतो, ती देताना त्याच्या मनात हीच पात्रं असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. मला ही कल्पना फार आवडते. त्या पात्रांना स्वतःचं काही म्हणायचं नसतं, दुसऱ्याचा आवाज आला की ती नुसती घुमतात. म्हणजे त्या काळचे मॉनिटरच म्हणा ना!

आता परत शनिवार संध्याकाळ.

घुमण्याचेही प्रकार असतात. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. ती आवाजात शिरली की खोल "घूं" येतो, मोठ्या पियानोवरच्या अगदी डावीकडच्या जी स्वराच्या आसपास. त्याच्या दुपटी-तिपटी मिसळल्या की "झर्रर्र" असा खरखरीत आवाज होतो. माझ्याकडे खोल घूं होता. मी सगळे फेडर खाली केले. घूं तसाच. म्हणजे माईकमधून येत नव्हता. (बहुतेक जण इथेच चुकतात, माईक बदलत बसतात.) मॉनिटरमधली सिग्नलची केबल उपटली, एकदम शांत. म्हणजे स्पीकरही ठीक. केबल परत लावली आणि मिक्सरच बंद केला. घूं तसाच! मिक्सर बंद आणि आवाज चालू. पोरं हसायला लागली. मग मी मिक्सरचा प्लग भिंतीतून काढला, आणि घूं गेला.

या एका गोष्टीत उत्तर होतं. बटण बंद केलं तरी प्लगची वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, जोडलेलीच राहते. ती सुटल्यावरच आवाज गेला. म्हणजे गोंधळ अर्थिंगचा.

समजून घ्या. आमच्या प्रार्थनामंदिराचा मागचा भाग जुना, तिथे मिक्सर आणि ॲम्प्लिफायर. मुख्य स्पीकर त्या ॲम्प्लिफायरवर चालतात, म्हणून त्यात घूं नव्हता. स्टेजचा भाग नंतर वाढवलेला, त्याची लाइन वेगळी आणि अर्थिंगचा खड्डाही वेगळा. मॉनिटरना स्वतःची वीज लागते, ती मी स्टेजच्या बोर्डवरून घेतली. मग मिक्सरपासून मॉनिटरपर्यंत वीस मीटरची साधी गिटारची केबल टाकली. झालं! दोन अर्थिंग आता त्या केबलच्या बाहेरच्या जाळीने एकमेकांना जोडले गेले. दोघांमध्ये जराही फरक असला की त्या जाळीतून प्रवाह वाहतो, आणि साध्या केबलमध्ये ती जाळीच सिग्नलचा परतीचा रस्ता असते. म्हणून तो प्रवाह गाण्यात मिसळतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

मंडळीतले वायरमन काका मल्टिमीटर घेऊन आले. दोन्ही बोर्डांच्या अर्थ पिनांमध्ये मोजलं, तीन व्होल्टच्या आसपास. शून्य असायला हवं होतं. पाळकसाहेबांच्या घरचा पाण्याचा पंप चालू केला की आकडा चढायचा आणि घूं पण वाढायचा. काका बाहेर गेले, जुना खड्डा बघितला आणि कपाळाला हात लावला. एप्रिल महिना, आमच्याकडची काळी माती, हात जाईल एवढ्या भेगा. कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा ठणठणीत कोरडा. कोरड्या मातीत वीज जिरत नाही. पंपातून जो थोडा प्रवाह गळत होता तो जमिनीत जायच्या ऐवजी अर्थिंगच्या तारेवरच अडत होता.

मला त्या वेळी राहूनराहून १ करिंथ १:१२ आठवत होतं. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. प्रत्येकाला वाटतं आपलं शून्य हेच खरं शून्य. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात, जोपर्यंत त्यांना जोडणारी केबल टाकत नाही तोपर्यंत. एकत्र गायला लागलं की कळतं. आणि गंमत म्हणजे घूं येतो तो मॉनिटरमधून, ज्याचा काही दोष नाही त्याच्यातून. ३:११ मध्ये पौल एकाच पायाबद्दल बोलतो. असो, हे मनन मी बुधवारी वेगळं लिहीन.

उपाय सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाला तरी लागणारच. पहिलं म्हणजे मिक्सर आणि मॉनिटर दोघांनाही एकाच बोर्डवरून वीज द्या. आम्ही मागच्या बोर्डवरून जाड तीन तारांची वायर स्टेजपर्यंत ओढली, घूं जवळपास गेला. दुसरं, साध्या केबलऐवजी बॅलन्स्ड केबल वापरा, ज्यात जाळीच्या आत दोन तारा असतात. दोन्हींवर तोच सिग्नल जातो, पण एकीवर उलटा. वाटेत जो घूं शिरतो तो दोन्हींवर सारखाच शिरतो. पलीकडचं यंत्र दोन्हींची वजाबाकी करतं, घूं कटतो आणि गाणं उरतं. शिवाय प्रवाह जाळीतून वाहिला तरी सिग्नल त्याच्यावर अवलंबून नसतो. मात्र मिक्सरचं आउटपुट आणि मॉनिटरचं इनपुट दोन्ही बॅलन्स्ड आहेत ना, ते बघून घ्या. विजेच्या वायरी आणि सिग्नलच्या केबल शेजारी शेजारी गुंडाळून ठेवू नका, एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. आमच्याकडे शेवटी थोडी झर्रर्र उरली होती, ती लॅपटॉपच्या चार्जरमुळे. तिथे मध्ये डीआय बॉक्स लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं. ते बटण फक्त सिग्नलच्या केबलची जाळी तोडतं, विजेच्या प्लगला हात लावत नाही. हा फरक लक्षात ठेवा.

कारण हे सगळं चालू असताना एकाने सोपा उपाय सुचवला होता. "अबे, वरची पिन काढून टाक ना. दोन पिनीवर चालते सगळं."

खरं आहे, घूं लगेच जातो. बहुतेक मंडळ्यांत, लग्नाच्या मंडपांत हेच करतात. मी त्याला जोरात "नाही" म्हणालो. यंत्राच्या धातूच्या अंगावर चुकून वीज उतरली तर ती जमिनीत नेणारा तो एकच रस्ता असतो, वगैरे मोठं भाषण दिलं. सांगितलं की टेक्ससमधल्या वेको शहरात २००५ साली काइल लेक नावाचा ३३ वर्षांचा पाळक बाप्तिस्मा देण्यासाठी पाण्यात उभा असताना माईक नीट करायला गेला, विजेचा धक्का बसला आणि तो गेला. पोरं गप्प झाली. मला बरं वाटलं.

मग मी म्हटलं, सगळेच प्लग एकदा उघडून तपासू.

गिटारच्या ॲम्प्लिफायरचा प्लग उघडला. लाल वायर जागेवर, काळी जागेवर. हिरवी वायर मागे दुमडलेली आणि तिच्यावर निळी टेप गुंडाळलेली.

ती टेप माझी होती. मंडळीत निळी टेप दुसरं कोणी वापरत नव्हतं, माझ्या कॉलेजच्या लॅबमधली होती ती. २०१९ च्या नाताळात हाच घूं आला होता, गिटारचा ॲम्प्लिफायर मिक्सरला जोडल्यावर. कार्यक्रम अर्ध्या तासावर आलेला. मी हिरवी वायर सोडवली, टेप लावली, घूं गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर नीट करू म्हटलं. मग पुण्याला गेलो आणि विसरलो.

आणि मला अजून एक आठवलं. तो ॲम्प्लिफायर वाजवतो तो मुलगा, आता सतरा वर्षांचा, मला गेल्या नाताळात फोनवर म्हणाला होता, "दादा, गाताना माईकले ओठ लागले की मुंग्या येतात." मी काय म्हणालो? "चप्पल घालून गात जा." आमच्या मंडळीत स्टेजवर चपला काढून जातात. तो अनवाणी गात राहिला.

काय होत होतं ते लिहितो, कारण तुमच्या मंडळीतही कोणीतरी असं म्हणत असेल. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या धातूच्या अंगाला जोडलेल्या असतात. माईकचं अंग मिक्सरमधून अर्थला जोडलेलं असतं. ॲम्प्लिफायरला अर्थ नसेल तर त्यातला गळणारा प्रवाह जायला रस्ता शोधतो, आणि रस्ता म्हणजे बोटांपासून ओठांपर्यंत, मध्ये छाती. मुंग्या म्हणजे ते गळणं. उद्या आतली एखादी वायर सुटून अंगाला लागली असती तर त्याच रस्त्याने २३० व्होल्ट गेले असते. माणसाला मारायला काही शतांश अँपिअर पुरतात. म्हणूनच जीव वाचवणारा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला तुटतो. आमच्या बोर्डवर तो नव्हताच.

मी ती वायर हातात घेऊन स्टेजच्या पायरीवर बसलो. अर्ध्या तासापूर्वी दिलेलं भाषण कानात घुमत होतं.

पौलाचं म्हणणं मला तिथे वेगळंच लागलं. मी नेहमी हा उतारा बोलणाऱ्याच्या बाजूने वाचत आलो : आपण स्पष्ट बोलावं. पण त्या मुलाने तर स्पष्टच सांगितलं होतं, साध्या वऱ्हाडीत. त्याच्या नादात फरक होता, सूर ओळखू येत होता. मीच त्याला 'आदेलोस' केला. ११ व्या वचनात पौल म्हणतो की अर्थ कळला नाही तर बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांना परके होतात. सख्ख्या मंडळीतला मुलगा माझ्यासाठी परका झाला होता, कारण त्याची तक्रार मला आवाजासारखी वाटली, बोलण्यासारखी नाही. आणि घूं मात्र मला लगेच ऐकू आला, कारण तो घूं माझी अब्रू घेत होता.

खरं सांगतो, गुपचूप हिरवी वायर जोडून टाकायचा विचार मनात आला. स्क्रू ड्रायव्हर हातातच होता. कोणी बघत नव्हतं, दोन मिनिटांचं काम. रात्री पुनरुत्थानाची उपासना, सकाळी निरोप, कोणाला कळलं असतं?

वायरमन काका आले, बघितलं, काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "हे कोन केलं असन?"

मी म्हणालो, "मीच."

त्या मुलाला बोलावलं. त्याच्या आईला पण. दोघांना प्लग दाखवला आणि काय झालं असतं तेही सांगितलं, काही न लपवता. मुलगा बराच वेळ नुसता वायरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, मी सांगितलं होतं." रागाने नाही. रागावला असता तर सोपं गेलं असतं. आई म्हणाली, "पोट्ट्यानं मलेबी सांगतलं होतं. मीच म्हनलं, नाटकं नोको करू." आणि ती रडायला लागली. मी तिला काय सांगणार होतो? आम्ही तिघेही पायरीवर बसून राहिलो. मागे पोरं हॅलो-हॅलो करून मॉनिटर तपासत होती, आणि आवाज अगदी स्वच्छ येत होता.

हिरवी वायर त्या मुलानेच जोडली. मी फक्त स्क्रू कसा आवळायचा ते दाखवलं. काकांनी मीटर लावून तपासलं. इस्टरनंतरच्या सोमवारी मेन बोर्डवर आरसीसीबी बसला. दोन्ही खड्डे जाड पट्टीने एकमेकांना जोडायचं काम काकांनी अंगावर घेतलं आहे, पंपाची दुरुस्ती पण.

इस्टरच्या पहाटे तो मुलगा गायला. पहिल्या कडव्यात माईकपासून चार बोटं लांब उभा होता. सवय लागली होती ना. दुसऱ्या कडव्यात थोडा पुढे आला.

आजची प्रार्थना : प्रभू, ज्यांनी मला काही सांगितलं आणि मी ऐकलं नाही, त्यांची नावं आज मला आठवून दे. जिथे मी घाईत काही तोडून वर टेप लावली आहे, ती जागा मला दाखव, कोणाला इजा होण्याआधी. आमेन.

प्रार्थना झाल्यावर तुमच्या मंडळीतल्या साउंडवाल्या भावाला किंवा बहिणीला आजच फोन करा. विचारा, गाताना कोणाला मुंग्या येतात का? हो म्हणाले तर ती गिटार आणि तो माईक त्या क्षणापासून बंद, वायरमन येऊन बघेपर्यंत.

ता.क. : मंडळीच्या फळ्यावर आता एक नवी यादी लागली आहे. पाऊस सुरू होईपर्यंत दर शनिवारी अर्थिंगच्या दोन्ही खड्ड्यांत दोन-दोन बादल्या पाणी. पहिलं नाव त्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलं, दुसरं माझं. मी पुण्यात असतो हे त्याला माहीत आहे. "मग शुक्रवारच्या रात्रीची गाडी पकड," म्हणाला.

येत्या शनिवारी माझी पाळी आहे.